सुई आणि कॉइल यांच्यामधली काडी

पडद्यावर खूप मोठी करून दाखवलेली ही चमकती काडी रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधली, म्हणजे सुई धरणाऱ्या छोट्या डबीतली आहे. प्रत्यक्षात तिची लांबी काही मिलिमीटर आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पुढच्या टोकाला हिऱ्याची सुई, म्हणजे स्टायलस. मागच्या टोकाला चुंबक किंवा तांब्याच्या तारेची कॉइल. रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते, काडी ती थरथर मागे पोचवते आणि तिथे तिची वीज होते. या काडीला कॅन्टिलिव्हर म्हणतात. पुढे जे घडलं ते मागे सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढंच तिचं काम.

आणि तेच भयंकर अवघड आहे. १० किलोहर्ट्झचा सूर घ्या. सुईचा कमाल वेग सेकंदाला ५ सेंटीमीटर धरला, तर ती मधल्या जागेपासून एक मायक्रॉनसुद्धा (मिलिमीटरचा हजारावा भाग) दूर जात नाही. पण सेकंदाला २०,००० वेळा दिशा बदलते. हिशेब केला तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींच्या पुढे जातं. सुईच्या टोकाशी जाणवणारं वस्तुमान अर्धा मिलिग्रॅम असेल, तरी ते हलवायला खाचेच्या भिंतीला साधारण ०.१६ ग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. सुईवरचा एकूण भारच दोन ग्रॅमच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं की अर्ध्या मिलिग्रॅमसाठी एवढा आटापिटा का करतात ते कळतं.

शिवाय रेकॉर्ड ज्याची बनते ते विनाइल प्लास्टिक दगडासारखं कडक नाही. सुईखाली ते किंचित दबतं आणि परत उसळतं. वस्तुमान आणि लवचीकपणा एकत्र आले की अनुनाद आलाच, म्हणजे एका ठरावीक कंपनाला थरथर फार वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या काडीचं वस्तुमान जास्त असेल, तर हा अनुनाद ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येऊन बसतो आणि झांजांना नको इतकी धार येते. टोक हलकं केलं की तो वर सरकतो, कानाच्या टप्प्याबाहेर. काडीचं साहित्य बदलल्याने आवाजात जो फरक पडतो, त्यातला मोठा वाटा याचाच. ‘बोरॉनच्या काडीमुळे बास घट्ट होतो’ असं कुणी म्हणालं तर मी जरा सावध होतो. कारण खालच्या सुरांकडचा, ८ ते १२ हर्ट्झचा अनुनाद टोनआर्मचं (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचं) वस्तुमान आणि काडीला मागून धरणारं रबर ठरवतात.

मग काडी कशाची करायची? अ‍ॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट. बोरॉन त्याहून थोडा हलका आणि पाचपटीहून जास्त ताठ. हिरा ताठपणात सगळ्यांच्या वर, पण अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड. नीलम आणि माणिक तर त्याहूनही जड, घनता जवळपास ४. जाहिरातीत ही दोन वेगळी रत्नं म्हणून मिरवतात, पण दोन्ही मुळात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच. माणकात क्रोमियमचा अंश असतो, म्हणून ते लाल. ध्वनीच्या दृष्टीने त्या लाल रंगाचे पैसे का मोजावेत, हे मला उमगलेलं नाही.

बेरिलियम मात्र या कामासाठीच जन्मल्यासारखा. घनता १.८५, ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या चौपट, आणि त्याची पातळ भिंतीची नळी करता येते. भरीव काडीपेक्षा नळी कमी वजनात जास्त ताठ राहते. शूअर कंपनीच्या १९८२ च्या व्ही-१५ टाइप फाइव्ह कार्ट्रिजमध्ये अशीच नळी होती. पण बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. आज नव्या कार्ट्रिजमध्ये ही काडी क्वचितच दिसते.

ताठपणाच्या या शर्यतीला १९७० च्या दशकात सीडी-४ या चार वाहिन्यांच्या रेकॉर्डनी जोर दिला. त्यात पुढच्या आणि मागच्या वाहिन्यांमधल्या फरकाची माहिती ३० किलोहर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या वाहक लहरीवर बसवलेली असे. ती पद्धत टिकली नाही, पण तिच्यासाठी घडवलेली, खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत टेकणारी शिबाता सुई राहिली.

डायनाव्हेक्टर कंपनीने प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. वाकणारी लहर काडीतून जाताना वेगवेगळ्या कंपनांचा वेग वेगवेगळा असतो, त्यामुळे सूर मागे पोचतात तेव्हा त्यांची वेळ किंचित विस्कटलेली असते. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे १.७ मिलिमीटरची आखूड, हिऱ्याची काडी.

एवढं सगळं असून साधं अ‍ॅल्युमिनियम हटलेलं नाही. ते ओढता येतं, निमुळतं करता येतं, चेपून त्यात सुई बसवता येते. धक्का लागला तर वाकतं. बोरॉन सरळ मोडतो. जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेबरोबर १९६२ च्या सुमारास घडवलेलं डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज आजही अ‍ॅल्युमिनियमच्याच काडीवर चालतं. ऑर्टोफोनच्या कॅडेन्झा या कार्ट्रिज मालिकेत ब्लू मॉडेलला माणकाची काडी आहे आणि ब्रॉन्झला निमुळतं अ‍ॅल्युमिनियम. दोघांत ब्रॉन्झ महाग.

बोरॉनची काडी सहसा एकटी येत नाही. तिच्याबरोबर बारीक घासलेली, थेट हिऱ्यातून कापलेली सुई येते, वेगळी कॉइल येते, वेगळं रबर येतं. ऐकणारा या सगळ्याचा एकत्रित परिणाम ऐकतो आणि श्रेय बोरॉनला देतो. जुन्या डीएल-१०३ ची काडी काढून तिथे बोरॉन बसवणारे कारागीर आहेत. टोक हलकं होतं, अनुनाद वर जातो, पण मागचं रबर अ‍ॅल्युमिनियमच्या हिशेबाने घडवलेलंच राहतं. कुणाला तो आवाज जास्त मोकळा वाटतो, कुणाला जुन्याचा भरीवपणा गेलासा वाटतो. दोघंही बरोबर ऐकत असतात.

काहींनी मधला निरोप्याच टाळला. डेक्काच्या कार्ट्रिजमध्ये नेहमीची आडवी काडी नसते. सुई एका उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाला असते. आवाज विलक्षण थेट, पण कार्ट्रिजचा स्वभाव तितकाच लहरी. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एआरटी१००० मध्ये कॉइल थेट सुईच्या डोक्यावर बसवली आहे. थरथर मागे न्यायचा प्रश्नच मिटला. बदल्यात कॉइलचं सगळं वजन नेमकं तिथे आलं, जिथे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा जड होतो. आणि सुई धरून ठेवायला तिथेही काडी लागलीच. ती बोरॉनची आहे.