विजेच्या वह्या

माझी आजी वीज कडाडली की आम्हां पोरांना माजघरात बसवून अर्जुनाची नावं घ्यायला लावायची. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी. दहा नावं पुरी होईतो गडगडाट होऊन गेलेला असायचा. आम्ही धडधाकट असायचो, म्हणजे मंत्र लागू पडला.

जर्मनीत लाइपझिग शहरात एका लहान मुलाने या भीतीवर वेगळा तोडगा काढला होता. तोही विजेला घाबरायचा. पण वीज दिसली रे दिसली की तो वही उघडायचा आणि तिची वाकडीतिकडी रेघ कागदावर ओढायचा. अट एकच होती. गडगडाट ऐकू यायच्या आत रेघ पुरी व्हायला हवी. झाली, तर आपल्याला काही होणार नाही. अशा वह्याच्या वह्या त्याने भरल्या आणि घरात त्यांना ‘विजेच्या वह्या’ असं नावच पडलं. हान्स हार्टुंग त्याचं नाव, पुढे मोठा चित्रकार झाला. जन्म २१ सप्टेंबर १९०४चा. वडील डॉक्टर. पोराला आकाशाचं वेड होतं, घरी दुर्बीण करून तारे बघायचा.

आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे, पण ‘अमुक साली जन्म, तमुक साली पुरस्कार’ या पद्धतीने नाही. माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक गोष्ट अडकून बसली आहे, ती तुमच्यापुढे मांडतो. ती वेगाची गोष्ट आहे.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणू. पन्नासच्या दशकातला हार्टुंग. फिकट पिवळसर किंवा निळसर जमीन, म्हणजे चित्राचा मागचा रंग, तीही पातळ, अंग नसलेली. तिच्यावर काळ्या फटकाऱ्यांचा एक झुबका. ज्वारीच्या ताटांची पेंढी उभी करावी आणि वाऱ्याने ती मध्येच फिस्कटावी, तसा. प्रत्येक फटकारा खाली जाड आणि वर जाता जाता निमुळता होत सुटलेला. एखाद्या ठिकाणी ब्रश कोरडा पडलाय, तिथे केसांच्या खुणा दिसतात. बाजूला शाईचे दोन-चार थेंब उडालेत. बघताना वाटतं, या माणसाने श्वास रोखला, हात फिरवला आणि तीन सेकंदांत चित्र संपवलं. त्याने चित्रांना नावंही दिली नाहीत. ‘टी १९५६-१४’ एवढंच. फ्रेंचमध्ये कॅनव्हासला जो शब्द आहे त्याचं पहिलं अक्षर, मग वर्ष, मग क्रमांक. गाडीच्या नंबर प्लेटसारखं.

पॅरिसच्या समीक्षकांनी अर्थातच याला उत्स्फूर्तता म्हटलं. अंतर्मनाचा स्फोट वगैरे. आणि आता तुम्हाला धक्का देतो. ही चित्रं चौकोन पाडून केलेली आहेत.

आमच्या गावात थिएटरची बॅनरं रंगवणारे एक पेंटर होते. हाताएवढ्या फोटोवर ते पेन्सिलीने चौकोन आखत. मग निळीत बुडवलेला दोरा ताणून मोठ्या कापडावर फटकारत, की सरळ रेघ उठायची. तसेच चौकोन कापडावर पाडून, एकेका चौकोनात जे असेल ते तिथे उतरवायचं. नटाचा उजवा डोळा पाचव्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनात. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या सगळ्यांना ही युक्ती माहीत आहे. हार्टुंग नेमकं हेच करायचा. छोट्या कागदावर शाईने, खडूने झटक्यात रेखाटन, आणि त्यातलं जे जमलं असेल ते चौकोनांच्या साहाय्याने मोठ्या कॅनव्हासवर. तेही इतकं इमानेइतबारे, की उडालेला थेंब आणि कोरड्या ब्रशची खूणसुद्धा बारीक ब्रशने रंगवून काढलेली. तीन सेकंदांच्या फटकाऱ्याची नक्कल करायला दिवस लागायचे.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. फसवलं की याने, असं वाटलं. नंतर त्याचं आयुष्य वाचलं आणि राग गेला. का गेला, ते सांगतो.

अठराव्या वर्षी, १९२२ साली, या मुलाने जलरंगात आणि शाईत निव्वळ डाग केले. झाड नाही, माणूस नाही, नुसते रंगाचे ओघळ. पुढे लाइपझिगलाच त्याने अमूर्त चित्रकलेच्या आद्य चित्रकारांपैकी एक, कांडिन्स्की, याचं व्याख्यान ऐकलं. दुसरा कुणी असता तर उठून कांडिन्स्की शिकवत असलेल्या बाउहाउस या कलाशाळेत गेला असता. हा गेला नाही. तिथली भूमिती आणि नियमावली त्याला मानवली नाही असं दिसतं. गंमत म्हणजे पुढे स्वतःच सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे चित्राची मापं ठरवायच्या जुन्या गणिताच्या, नादी लागून मोजमापं करत बसला. माणसं अशीच असतात.

१९२९ साली त्याने आन्ना-एवा बर्गमन या नॉर्वेच्या चित्रकर्तीशी लग्न केलं. दोघं स्पेनच्या मिनोर्का बेटावर जाऊन राहिली, तिथे पांढरं चौकोनी घर बांधलं. पैसे संपले. जर्मनीत परत यावं तर तिथे हिटलर. बर्लिनमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशी सुरू केली, तेव्हा १९३५ साली मित्रांच्या मदतीने तो पॅरिसला निसटला. खिसा रिकामा. आणि इथे त्या चौकोनांचं मूळ आहे, मंडळी. कॅनव्हास महाग, तैलरंग महाग. दहा कॅनव्हास फुकट घालवून अकरावा साधायचा, ही चैन त्याला परवडत नव्हती. कागद स्वस्त. मग नशीब कागदावर आजमावायचं आणि फक्त जिंकलेला डाव कॅनव्हासवर न्यायचा. गरिबीतून आलेली पद्धत पुढे सवय झाली, आणि पैसे आल्यावरही ती बरीच वर्षं सुटली नाही. माझी शंका अशी, की त्यात गरिबीइतकीच भीतीही असावी. रेघ एकदा साधली, आता ती हातची जाऊ द्यायची नाही.

युद्ध थोडक्यात सांगतो. जर्मन असून हिटलरविरुद्ध लढायला तो फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या फौजेत, फॉरेन लीजनमध्ये, शिरला. फ्रान्स पडल्यावर काही काळ शेतमजुरी केली. नाझी दक्षिणेतही उतरले, तेव्हा स्पेनमध्ये पळाला. तिथे पकडून छावणीत टाकलं. सुटल्यावर पुन्हा लीजन, आता खोट्या नावाने. त्याला बंदूक चालवायची नव्हती, म्हणून जखमींना स्ट्रेचरवरून आणायचं काम घेतलं. नोव्हेंबर १९४४मध्ये बेल्फोरच्या लढाईत एका जखमीला आणताना तो स्वतः जखमी झाला आणि उजवा पाय कापावा लागला. नंतर त्याच पायावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. चाळीस वर्षांचा माणूस, कुबड्या, आणि समोर उभ्याने करायची चित्रं.

युद्धानंतर फ्रान्सने नागरिकत्व दिलं, १९४७ साली पॅरिसमध्ये एकट्याचं प्रदर्शन झालं आणि पाच-सात वर्षांत तो युरोपातल्या बड्या नावांत जाऊन बसला. आपले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५०मध्ये पॅरिसला पोचले, तेव्हा तिथे अशी अमूर्त चित्रं करणाऱ्या मंडळींचा बोलबाला होता.

एक घरगुती भानगड सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तीसच्या दशकाअखेर बर्गमनशी घटस्फोट झाला होता. मग त्याने शिल्पकार हुलिओ गोन्झालेस यांच्या मुलीशी, रोबेर्ताशी, लग्न केलं. १९५२ साली पॅरिसमध्ये गोन्झालेस यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे, म्हणजे सासऱ्याच्याच प्रदर्शनात, हार्टुंगला पहिली बायको भेटली. दोघांनी आपापले संसार मोडले आणि १९५७मध्ये परत एकमेकांशी लग्न केलं. पुढची तीस वर्षं, ती जाईपर्यंत, एकत्र राहिली. रोबेर्ताचं काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. ती स्वतः चित्रकार होती.

१९६० साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनात, चित्रकलेचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. मानाचं शिखर गाठलं, आणि नेमक्या त्याच सुमारास त्याने चौकोन सोडले. थेट कॅनव्हासवर. लवकर वाळणारे नवे रंग हाती आले होते, त्यांचाही वाटा आहे. ओल्या रंगावर टोकदार अवजाराने ओरखडे काढायचे, दाबाच्या हवेने रंग उडवायचा, काळे ढग करायचे. आपल्याकडे रोलर म्हटला की चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात. हार्टुंगनेही रोलर वापरले, पण गायतोंड्यांचा रोलर थांबत थांबत चालतो, याचा धावतो.

१९७३पासून तो आणि बर्गमन दक्षिण फ्रान्समध्ये आंतिब इथे, ऑलिव्हच्या बागेतल्या घरात राहायला गेली. तिथली अवजारं ऐकून तुम्हाला मजा वाटेल. झाडांच्या फांद्यांचे झाडू रंगात बुडवून कॅनव्हासवर फटकवायचे. भिंतीला खरबरीत गिलावा उडवायचं हाताने फिरवायचं यंत्र असतं, ते. आणि द्राक्षबागेत औषध फवारायचा पंप. आपले नाशिककडचे बागाईतदार बोर्डो मिश्रण मारतात, त्याच जातीचा. १९८६ साली पक्षाघात झाला, वर्षभराने बर्गमन गेली. त्यानंतर चाकांच्या खुर्चीत बसून, मदतनिसांकडून कॅनव्हास लावून घेऊन, हा ऐंशी ओलांडलेला माणूस हातात नळी धरून रंग मारायचा. ७ डिसेंबर १९८९ रोजी तो वारला. त्या शेवटच्या वर्षात त्याने सुमारे ३६० कॅनव्हास केले. दिवसाला जवळपास एक.

कुणी म्हणेल, मदतनिसांनीच केले असतील. कॅनव्हास त्यांनी हलवले, रंग त्यांनी भरले, हे खरं. पण पंपाची तोटी कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे चित्रात दिसतं. सगळे चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. काही नुसतेच शिंतोडे आहेत. पण काही कॅनव्हास आठ-दहा फुटी आहेत, त्यांत काळ्या रंगाचा एकच फवारा तिरका जातो, आणि तिथे मला तो वहीवाला मुलगा दिसतो. रेघ मारली, आता ऐकू येऊ दे काय ते. वर्षानुवर्षं नक्कल करून जो वेग त्याने जपून ठेवला होता, तो पायाशिवाय, धड उभंही न राहता, थेट हातात आला.

आंतिबचा तो स्टुडिओ राखून ठेवला आहे, लोकांना बघताही येतो. ब्रश, पंप, खुर्ची सगळं आहे. आणि भिंती. कॅनव्हास जिथे टेकवायचे, तिथे भिंतीवर रंगाचा थर साचलाय. काळा, पिवळा, निळा, एकावर एक. मध्ये मध्ये कोऱ्या चौकटी सुटल्यात, कॅनव्हासच्या मापाच्या. चुकलेला, बाहेर गेलेला रंग तेवढा भिंतीवर राहिला आहे.