मागच्या ड्रममधलं राजकारण

आयोजकांनी विषय दिलाय, 'मागच्या ब्रेकची जुळणी आणि रचना', आणि वेळ 25 मिनिटं. मॉरिस मायनर या जुन्या इंग्रजी गाडीच्या मालकाला 25 मिनिटांत गाडी गॅरेजबाहेरसुद्धा काढता येत नाही. (हशा) आपल्याकडे हीच गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून 'बेबी हिंदुस्थान' होऊन आली, हे या खोलीत सांगायला नको. निम्म्यांच्या नखांत अजून तिचं ग्रीस असेल.

आधी माझी तक्रार. हँडब्रेक जास्त वर यायला लागला की आपण काय करतो? दांड्याच्या बुडाशी दोन नट आहेत, पाना लावायचा, आवळायचे, झालं. मीही तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत ठीक. खंबाटकीत गाडी दुसऱ्या गिअरवरही धापा टाकायला लागली. मी कार्बोरेटरला शिव्या घालतोय, तर आत्या म्हणते, "अरे, काहीतरी करपतंय." म्हटलं, दशम्यांचा डबा असेल. "डबा माझ्या मांडीवर आहे. करपतंय ते तुझं चाक!"

उतरून पाहतो तर मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. आत्या पाण्याची बाटली घेऊन हजर. मी ओरडलो, "ओतू नकोस!" चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेकच्या तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी म्हणजे तडा जायची भीती. मग पाऊण तास रस्त्याकडेला. दशम्या तिथंच संपल्या. आत्या आजही त्या गाडीत बसत नाही, पण तिची गोष्ट मात्र प्रत्येक लग्नात सांगते.

घरी ड्रम काढला. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी म्हणजे शू, त्यांच्यावरचं लायनिंग, म्हणजे घासणारं अस्तर, काचेसारखं चकचकीत. हँडब्रेकची केबल आखडली की आतला लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, शू मागं येत नाही. खरं तर आधी केबल सैल करायची. मग ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून शू चाक अडेपर्यंत आणायचा, चाक मोकळं फिरेल इतका परत घ्यायचा, आणि केबलला हात सगळ्यात शेवटी.

पण तापलं डावंच का? या गाडीत शूंना ढकलणारा मागचा सिलिंडर बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर, घट्ट आवळलेला नसतो, खाचेत सरकतो. पिस्टन एकच. तो एका शूला ढकलतो आणि सिलिंडर स्वतः उलटा सरकून दुसऱ्याला. माझी गाडी ज्यांनी रंगवली, त्यांनी प्रदर्शनात बक्षीस मिळावं म्हणून ती खाचसुद्धा रंगवली होती! बक्षीस मिळालं. सिलिंडर चिकटला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे रचना पळतच सांगतो.

मायनरच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू 'लीडिंग'. फिरणारा ड्रम त्यांना स्वतःकडे ओढून घेतो, दाबाला फुकटची मदत. मग मागं तसंच का नाही? कारण चाक उलटं फिरलं की ते दोन्ही शू दुबळे पडतात. हँडब्रेक मागच्या चाकांवर, आणि घाटात नाक वर करून उभ्या गाडीला उलटंच जायचं असतं. म्हणून मागं एक शू या दिशेचा, एक त्या दिशेचा.

दुसरं, ब्रेक दाबला की भार पुढं जातो, मागची चाकं हलकी होतात. 'मागचा ब्रेक कमी लागतो' म्हणून मोठा सिलिंडर बसवलात तर तीच चाकं आधी अडतील आणि शेपूट बाजूनं पुढं यायला बघेल. ओल्या रस्त्यावर तर बघायलाच नको. तो ब्रेक कमी लागावा असाच केलाय!

बाकी प्रश्न चहाच्या वेळी. आणि घरी जाऊन आजच ड्रम उघडणार असाल तर एका वेळी एकच उघडा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात हे विसरलात, तर बघायला दुसरी बाजू राहते.