रात्रीचे भाडे आणि घराची किंमत

मंडळी, घराची किंमत कशावरून ठरते, इथूनच सुरुवात करू. जागा, बांधकाम, रस्ता, पाणी हे सगळे आहेच. पण राहण्यासाठी नव्हे तर गुंतवणूक म्हणून घर घेणारा माणूस शेवटी एकच विचारतो: वर्षाकाठी यातून किती सुटतील? टिळकवाडीतला किंवा हिंदवाडीतला फ्लॅट कुटुंबाला भाड्याने दिला, तर त्याचे उत्पन्न बेळगावातल्या पगारांना बांधलेले राहते. शिक्षक, बँकेतला कारकून, इस्पितळातली परिचारिका जेवढे देऊ शकतील तेवढेच भाडे मिळते. तोच फ्लॅट एअरबीएनबीसारख्या ॲपवर टाकून पाहुण्यांना रात्रीच्या दराने द्यायचे ठरले की उत्पन्नावर इथल्या पगाराचा लगाम राहत नाही. चोर्ला घाटाने गोव्याला निघालेले पुण्याचे कुटुंब एका रात्रीला किती मोजेल, यावर ते ठरू लागते.

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. आपापल्या गल्लीतले भाव घालून ते पुन्हा मांडावेत. समजा दोन बेडरूमचा फ्लॅट ६० लाखांचा आहे. महिना १५ हजारांनी दिला आणि वर्षात एक महिना रिकामा राहिला, तर हाती १ लाख ६५ हजार येतात. मेंटेनन्स आणि वीजबिल भाडेकरू भरतो. किमतीवर हे पावणेतीन टक्केच झाले. घर ठेवून मुदत ठेवीइतकेही सुटत नाही, म्हणून मालक नाराज असतो. तेवढ्यात कोणीतरी सांगते, रात्रीला २,२०० मिळतात. वर्षात २०० रात्री गेल्या तर ४ लाख ४० हजार. इथेच डोळे दिपतात.

पण या ४ लाख ४० हजारांतून काय जाते ते बघा. ॲपचे कमिशन १५ टक्के धरले तर ६६ हजार. पाहुणे सरासरी दोन रात्री राहिले तर वर्षात १०० वेळा घर बदलते. प्रत्येक वेळी झाडलोट, चादरी-टॉवेलांची धुलाई, साबण, चहा-साखर मिळून ४५० रुपये, म्हणजे ४५ हजार. किल्ली देणारा, रात्री अकराला फोन उचलणारा माणूस अर्धवेळ ठेवला तरी ६० हजार. वीज, इंटरनेट, पाण्याचा टँकर मिळून ६० हजार. एसी, गाद्या, फ्रिज, गिझर, टीव्ही यांवर ५ लाख घातले आणि ते पाच वर्षे टिकले, तर दर वर्षाच्या वाट्याला १ लाख. मेंटेनन्सचे २४ हजार आता मालकाकडे. बेरीज ३ लाख ५५ हजार होते आणि हाती ८५ हजार उरतात. साध्या भाडेकरूकडून मिळत होते त्याच्या निम्मे.

त्या १ लाख ६५ हजारांशी बरोबरी करायला किती रात्री लागतील? प्रत्येक रात्रीच्या २,२०० मधून कमिशनचे ३३० आणि सफाईचे २२५ वजा केले की १,६४५ उरतात. घर भरलेले असो वा रिकामे, ठरलेला खर्च २ लाख ४४ हजार. म्हणजे साधारण २४९ रात्री, वर्षाचे ६८ टक्के दिवस. बेळगावात मागणी येते ती लाटांनी: डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा, लग्नसराईत, नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात, जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली आणि गोकाकचे धबधबे बघायला येणाऱ्यांच्या शनिवार-रविवारी. बाकीच्या मंगळवार-बुधवारांचे काय करायचे, हा प्रश्न जाहिरातीत कोणी घालत नाही.

कर्ज काढून घेणाऱ्याची अवस्था तर अजून अवघड. ६० लाखांतले ४५ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी उचलले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३९ हजार, वर्षाचा पावणेपाच लाखांच्या घरात. पहिल्या वर्षी नुसते व्याजच ३ लाख ८० हजारांच्या आसपास जाते. समोर उत्पन्न ८५ हजार. उरलेले पगारातून भरायचे आणि किंमत वाढेल म्हणून थांबायचे. याला भाड्याची गुंतवणूक म्हणता येणार नाही. हा भाववाढीवर लावलेला डाव आहे.

मग घरे महाग का होतात? कारण बाजारातला भाव निव्वळ उत्पन्नावर चढत नाही, तोंडी सांगितलेल्या उत्पन्नावर चढतो. पाच टक्के परताव्यात समाधानी असलेल्या गुंतवणूकदाराला वर्षाला ४ लाख ४० हजार ऐकवले, तर त्याच्या गणितात घराची किंमत ८८ लाख होते. विकणारा ७५ मागतो आणि घेणाऱ्याला तो सौदा स्वस्त वाटतो. शेजारचा मालक त्या ७५ वरून आपला भाव ठरवतो, त्याने ॲपचे तोंडही पाहिलेले नसले तरी. पुढे धंदा तोट्यात गेला तरी तो भाव लवकर खाली येत नाही, कारण ७५ ला घेतलेला माणूस ६० ला विकायला तयार नसतो.

बार्सिलोनावर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसते. एअरबीएनबीमुळे शहरात भाडी सरासरी १.९ टक्के वाढली, तर विक्रीचे भाव ४.६ टक्के. ज्या भागांत अशा घरांची सर्वाधिक गर्दी होती तिथे भाडी ७ टक्के आणि भाव १७ टक्के. सरासरी पाहिली तर चिंता वाटत नाही. गल्ली पाहिली तर वाटते. आणि दोन्ही ठिकाणी भाड्यापेक्षा भाव जास्त चढला आहे, हे विसरू नका. उद्या जास्त मिळेल ही आशाही किमतीत आजच मिळवली जाते.

‘शहरात एवढी हजारो घरे, त्यात पन्नास-शंभर ॲपवर गेली तर काय बिघडते?’ हा प्रश्न नेहमी येतो. भाडे एकूण घरांवर ठरत नाही, त्या महिन्यात रिकाम्या असलेल्या घरांवर ठरते. हजार घरांचा एक भाग घ्या. सहाशे घरांत मालक राहतात, चारशे भाड्याने आहेत आणि एका महिन्यात त्यातली वीस मोकळी होतात. त्या विसांतली दहा पाहुण्यांसाठी वळली, तर एकूण घरांत एकच टक्का फरक पडला. घर शोधणाऱ्यापुढचे पर्याय मात्र निम्मे झाले. नेहरूनगरात केएलई इस्पितळाच्या आसपास रोज कोणीतरी खोली शोधत असते: रुग्णाचे नातेवाईक, शिकाऊ डॉक्टर, नव्याने रुजू झालेली परिचारिका. मच्छेला व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाच्या बाजूला विद्यार्थी. तिथे दहा घरे कमी झाली की एजंट दुसऱ्याच दिवशी जास्त डिपॉझिट सांगतो.

कागदपत्रांकडे येऊ. घर ॲपवर टाकणारे बरेच जण इथेच अडकतात. राहण्यासाठी व्यक्तीला भाड्याने दिलेल्या घरावर जीएसटी नाही. रात्रीच्या दराने दिले की ती निवासाची सेवा ठरते. मालकाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर कर ॲपवाल्याने भरायचा असतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. म्हणजे पाहुण्याला २,२०० ऐवजी २,३१० पडतात. विजेचे जास्त नाजूक. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटांपर्यंतची सवलत घरगुती वापराला आहे. मीटर घरगुती ठेवून धंदा चालवला आणि तपासणीत ते निघाले, तर हेस्कॉम ही वीज कंपनी मागची आकारणी लावू शकते. महापालिकेच्या घरपट्टीतही राहते घर आणि व्यापारी वापर वेगळे धरले जातात. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते. ती राहिली तर पोलिसांना उत्तर मालकाने द्यायचे.

अपार्टमेंटचा मुद्दा आपल्याकडे वेगळा आहे. पुण्या-मुंबईचे नातेवाईक सोसायटीच्या ठरावाची गोष्ट सांगतात, पण इथल्या बऱ्याच इमारती कर्नाटकच्या १९७२ च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन या नोंदवलेल्या दस्ताने बांधील आहेत. फ्लॅटचा वापर कशासाठी, हे त्या दस्तात आणि बायलॉजमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, लिहिलेले असते. फ्लॅट घेण्याआधी त्याची प्रत मागा. बिल्डर ‘नंतर देतो’ म्हणाला तर टोकन देऊ नका.

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, प्रश्न फ्लॅटचा नाही, जमिनीचा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. पण शेतजमीन शेतजमीनच राहते. त्यावर पाहुण्यांसाठी कॉटेज बांधायचे तर बिनशेती करून घ्यावी लागते. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या तुकड्यांत नेमके हेच नसते: स्वतंत्र उतारा नाही, मंजूर लेआउट नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय तिथला पाऊस. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्यानेच भरतो आणि मैला वर येतो. तोच मोसम पाहुण्यांचा. याच पट्ट्यात आपल्या राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन भाकरी-आमटी वाढणारे कुटुंब मात्र कोणाचे घर काढून घेत नाही. केंद्राच्या होमस्टे योजनेतही मालकाने तिथेच राहायचे आणि सहापेक्षा जास्त खोल्या द्यायच्या नाहीत, अशी अट आहे.

हाच फरक न्यूयॉर्कने कायद्यात आणला. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर नोंदणी लागते, यजमान घरात हजर लागतो आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे चालत नाहीत. बार्सिलोनाने आणखी पुढे जाऊन १०,१०१ पर्यटक फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. एवढ्या टोकाला बेळगावने जायची गरज मला वाटत नाही. पण नोंदणी आत्ताच हवी, संख्या लहान असताना. कुठल्या गल्लीत किती घरे आहेत हेच महापालिकेला माहीत नसेल, तर पुढे कुठलाच नियम लावता येणार नाही.

ज्यांच्याकडे फ्लॅट आहे आणि १५ हजार कमी वाटतात, त्यांनी इस्पितळ आणि कॉलेजांच्या आसपास दोन ते सहा महिन्यांच्या भाड्याचा विचार करावा. २ लाखांत पलंग, कपाट, गॅस, वॉशिंग मशीन होते. महिना २२ हजारांनी अकरा महिने भरले तर २ लाख ४२ हजार. त्यातून सामानाची घट ४० हजार, इंटरनेट १२ हजार, मधल्या दुरुस्त्या १५ हजार गेले की पावणेदोन लाख उरतात. कमिशन नाही, रोजची धुलाई नाही, मेंटेनन्स आणि वीजबिल राहणाऱ्याचे. करार लेखी करा, डिपॉझिट दोन महिन्यांचेच घ्या, सामानाची यादी फोटोंसह जोडा आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्या. गॅसची नळी आणि रेग्युलेटर मात्र दर नव्या राहणाऱ्याआधी स्वतः तपासा.