फवारणीआधी पान उलटून बघा

नमस्कार मंडळी. घरी कुंडीत, गच्चीवर किंवा खिडकीत झाडं वाढवणारी माणसं भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय फवारू? पान दाखवायच्या आधीच हा प्रश्न येतो. झाडावर नेमकं काय आलं आहे हे कळल्याशिवाय फवारणीच्या बाटलीला हात लावायचा नाही, हे माझं आजचं सांगणं आहे. ते का, हे जरा खोलात जाऊन सांगतो.

पानावर पांढरट काही दिसलं की आपण सरसकट ‘बुरशी आली’ म्हणतो. त्यात निदान दोन रोग वेगळे ओळखता यायला हवेत. एक भुरी, दुसरा केवडा. भुरीचे ठिपके बहुतेक झाडांवर पानाच्या वरच्या अंगाला, पीठ भुरभुरल्यासारखे दिसतात. बोटाने पुसले तर पुसले जातात आणि काही दिवसांत पुन्हा उगवतात. केवड्यात पानाच्या वर पिवळे डाग पडतात. काकडीसारख्या वेलावर ते शिरांच्या मध्ये कोंडल्यासारखे, कोनदार असतात. पान उलटलं की बरोबर त्या डागांच्या मागे करडी, जांभळट लव दिसते. सकाळी लवकर पाहिलं तर ती अधिक स्पष्ट असते.

हा फरक केवळ नावाचा नाही, औषधाचा आहे. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट इथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर भुरी दिसली आणि गंधक-चुना वापरून ती आटोक्यात ठेवता येते हेही त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या काही वर्षांत ही भुरी फ्रान्समध्ये पसरली, द्राक्षबागांचं उत्पादन कोसळलं आणि गंधकाच्या धुरळणीनेच त्या बागा सावरल्या. मग १८७८ मध्ये तिथे केवडा आढळला. भुरीवर हमखास चालणारं गंधक या नव्या रोगापुढे निष्प्रभ ठरलं. १८८२ मध्ये बोर्दोजवळच्या मेदोक भागात मिलार्दे या प्राध्यापकांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी शाबूत आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं होतं. त्यातून १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. गंधक भुरीला, तांबं केवड्याला. दीडशे वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आजही गच्चीवर उलटीसुलटी केली जाते आणि ‘औषध बोगस निघालं’ असा निष्कर्ष काढला जातो.

आता भुरीकडे नीट बघू, कारण घरच्या झाडांवर सगळ्यात जास्त दिसते ती हीच. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते. तिचे धागे पानाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि खाली फक्त वरच्या थरातल्या पेशींत शोषकं घुसवतात. म्हणजे तिचा बहुतेक संसार उघड्यावर असतो, आणि म्हणूनच साध्या उपायांनीही तिला गाठता येतं. मिरचीवर आणि बऱ्याचदा टोमॅटोवरही येणारी भुरी मात्र वेगळ्या जातीची आहे. ती पानाच्या आत वाढते, वरून पिवळे डाग आणि खालून पांढरं असं तिचं रूप असतं. त्यामुळे ती केवड्यासारखी वाटते आणि पुसून जात नाही.

भुरीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज पाण्याचा. ‘पानं ओली राहिली म्हणून बुरशी आली’ हे केवड्याला लागू आहे, फुलं-फळं कुजवणाऱ्या करड्या बुरशीला लागू आहे. भुरीच्या बीजाणूंमध्ये स्वतःचं पाणी भरपूर असतं. त्यांना रुजायला पानावर थेंब लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. उलट पानावर पाणी साचलं तर बरेच बीजाणू नीट रुजतच नाहीत. वीस ते सत्तावीस अंश तापमान, दाटीवाटीने ठेवलेल्या कुंड्या, सावली, कोंडलेली हवा आणि कोरडी पानं, हे तिचं आवडतं हवामान. म्हणून पावसापासून जपून आडोशाला ठेवलेल्या गुलाबावर ती जोमात येते. एका बीजाणूपासून नव्या बीजाणूंचं पीक तयार व्हायला अनुकूल हवेत आठवडाही पुरतो. पहिला ठिपका दिसला त्या दिवशी हालचाल करायची ती यासाठी.

एक दिलासाही आहे. भुरीच्या जाती यजमान झाड निवडून असतात. गुलाबावरची भुरी काकडीवर जात नाही, काकडीवरची वाटाण्यावर जात नाही. दोन्हींवर एकाच वेळी दिसली तर हवामान दोघींना मानवलं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा घाबरून सगळ्या बागेवर फवारा मारत सुटू नका.

उपायांची सुरुवात कात्रीने करा. आतल्या बाजूची, एकमेकांवर चढलेली, जमिनीला टेकलेली पानं काढा. कुंड्यांमध्ये हात सहज जाईल इतकं अंतर ठेवा. घरात दिव्याखाली झाड असेल तर लहान पंखा लावा, पण वारा थेट एका पानावर नको, सगळी पानं जरा हलती राहतील असा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात बाटलीतून काही बाहेर पडत नसल्यामुळे काही केल्यासारखं वाटत नाही. पण माझ्या मते निम्मी भुरी इथेच थांबते.

मग फवारणी. दुधाचा उपाय आजीबाईचा बटवा वाटतो, पण ब्राझीलमध्ये वाग्नेर बेत्तिओल यांनी काचघरातल्या झुकिनीवर तो रीतसर तपासला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्याला एकदा. भुरीवर त्याचा परिणाम नेहमीच्या बुरशीनाशकांच्या तोडीचा दिसला. हे द्रावण उन्हात चांगलं काम करतं, म्हणून सकाळी फवारा. दूध जास्त झालं तर वास येतो आणि पानावर दुसरीच बुरशी चढते, तेव्हा हात सैल सोडू नका. दुसरा उपाय पोटॅशियम बायकार्बोनेटचा, लिटरला साधारण पाच ग्रॅम. लोक त्याऐवजी खायचा सोडा मारतात. तो एकदोनदा चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीच्या थोड्याशा मातीत साठत जातं आणि मुळांना त्रास देतं. गंधक उत्तमच, मात्र तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर पानं करपतात. आणि तेलाची फवारणी केल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारू नका. मारलंत तर भुरीपेक्षा वाईट हाल तुम्ही स्वतःच झाडाचे कराल. यातलं काहीही आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा, मग झाडावर.

आता किडींकडे येऊ. एक कीड मी विस्ताराने घेणार आहे, कारण तिच्याबाबतीत चुकीची फवारणी म्हणजे तिला मदतच. लाल कोळी. पानाच्या वर बारीक पांढुरके टिपके दिसू लागतात, सुईने टोचल्यासारखे. हळूहळू पान निस्तेज, करडं होतं. लोकांना वाटतं खत कमी पडलं. आता पान उलटा आणि दहापट दाखवणारं भिंग डोळ्याजवळ धरून मुख्य शिरेच्या कडेने बघा. आठ पायांचे अर्धा मिलिमीटरचे जीव संथपणे फिरताना दिसतील. नाव लाल असलं तरी पुष्कळदा ते पिवळट-हिरवे असतात, अंगावर दोन गडद डाग. त्यांच्यामध्ये काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी, टाकलेल्या काती आणि पुसटसं जाळं. भिंग नसेल तर फांदीखाली पांढरा कागद धरा, फांदीवर टिचकी मारा आणि कागदावरचे ठिपके चालू लागतात का ते पाहा.

पाय आठ, म्हणजे हा कीटक नाही, कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. कित्येक कीटकनाशकं त्याला काहीच करत नाहीत. पण त्याच फवाऱ्याने त्याला खाणारे परभक्षी कोळी आणि ढालकिडे मात्र मरतात. फवारणीनंतर दोन आठवड्यांनी कोळी दुप्पट दिसतो तो त्यामुळे. तीस अंशांच्या आसपास, कोरड्या हवेत, अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडाभर लागतो. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते, आणि नराशी मिलन न होता घातलेल्या अंड्यांतून नर जन्मतात. म्हणजे एकटी मादी झाडावर पोहोचली तरी पुढची वसाहत उभी राहू शकते.

त्याला दमट हवा आणि पाण्याचा मारा सोसत नाही. सकाळी झाड आडवं धरून पानांच्या खालून जोरदार पाणी मारा, दोन-तीन दिवसांआड. याने भुरीचे धागेही धुऊन जातात. पण हेच काम संध्याकाळी केलंत आणि पानं रात्रभर ओली राहिली, तर केवड्याला आणि करड्या बुरशीला आमंत्रण. पाणी भागलं नाही तर निंबोळी तेल, लिटरला पाच मिलिलिटर, तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पोटॅशचा मऊ साबण. कपड्यांची पावडर नको. हा फवारा ऊन उतरल्यावर, पण पानं रात्र पडण्याआधी सुकतील अशा बेताने करायचा. साबण आणि तेल अंगावर पडलं तरच किडीला मारतं, म्हणून पानाची खालची बाजू भिजली नाही तर फवारणी वाया गेली. अंडी त्यातूनही वाचतात. पाच ते सात दिवसांच्या अंतराने सलग तीनदा करायची ती त्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी. एकदा मारून ‘गेला’ म्हणणाऱ्यांकडेच कोळी कायम मुक्कामाला असतो.

ज्यांच्याकडे झाडं जास्त आहेत त्यांनी परभक्षी कोळ्यांचा विचार करावा. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा लालसर, चपळ कोळी १९५८ मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडबरोबर जर्मनीत पोहोचला आणि लाल कोळ्यांवर तुटून पडतो असं दिसून आलं. आज जगभरच्या काचघरांत तो सोडतात. भिंगाखाली त्याला शिकार करताना एकदा बघाच.

मावा ओळखायला सोपा. कोवळ्या शेंड्यावर गर्दी, पान चिकट, आणि खोडावर मुंग्यांची ये-जा. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी माव्याची राखण करतात, म्हणून आधी त्यांची वाट अडवा. मावा फार येत असेल तर नत्राचं खत कमी करा, लुसलुशीत वाढ त्याला फार आवडते. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून टिपून काढा. पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यावर दिसते, फुलकिडे निळ्यावरही. कुंडीतून उडणारी काळी चिलटं म्हणजे तुम्ही पाणी जास्त घालताय. वरची माती सुकू द्या.

शेवटचा भाग महत्त्वाचा. ज्या झाडाचं पान, फूल किंवा फळ अंगात जाणार आहे त्यावरची फवारणी वेगळ्या कसोटीवर तपासावी लागते. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून प्रौढांना एका घरात गांजाची चार झाडं लावायची मुभा आहे. त्याआधी तिथल्या परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांजात मायक्लोब्युटानिल सापडलं आणि माल परत मागवावा लागला. हे भुरीवरचं बुरशीनाशक द्राक्षांवर वापरतात. पण तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो, आणि गांजा तर जाळून ओढला जातो. खाण्याच्या पिकावर मान्य असलेलं औषध ओढण्याच्या पिकावर चालेलच असं नाही. तुमच्या औषधी वनस्पतींचं पान वाफेत किंवा धुपात जात असेल तर हाच विचार करा. लेबलवर त्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध वापरू नका आणि फवारणी ते काढणी यातले दिवस काटेकोर पाळा.

दाट फुलोऱ्याच्या झाडांवर फुलं भरल्यानंतर तेल, दूध, साबण काहीच मारू नका. आत ओल अडकते आणि करडी बुरशी आतून सुरू होते. बाहेरून एखादं पान उगाच वाळलेलं दिसतं, ते ओढलं की सहज हातात येतं आणि खाली मऊ, करडं कुजलेलं असतं. त्यावर फवारा नाही. कुजलेल्या भागाच्या बरंच खालून कापा, कापताना भाग पिशवीत धरा म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. निम्म्याहून जास्त झाड गेलं असेल तर ते पिशवीत बांधून उपटून टाका. शेजारच्या कुंड्या त्याच दिवशी भिंग घेऊन तपासा, खालच्या पानांपासून.