पक्ष संपतो तेव्हा मतं कुठं जातात?

नमस्कार मंडळी. पावसाचं वातावरण असूनसुद्धा एवढी माणसं आलीत, बरं वाटलं. विषय छापलाय तो "राजकीय पक्षांचा उदय आणि अस्त", पण मला माहितीय की तुमच्यातले निम्मे लोक मी समितीबद्दल, म्हणजे बेळगाव आणि सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीबद्दल, काय बोलतो तेवढंच ऐकायला आलेत. बोलणार आहे, पळून जाणार नाही. पण आधी जरा लंडनला जाऊन येऊ, मग बेंगळूर, मग खानापूर, कारण आपलं काय झालं ते फक्त आपल्याकडंच बघत बसलं की काही कळत नाही, नुसती वादावादी होते आणि चहा गार होतो.

तर ब्रिटनचा लिबरल पक्ष. 1906 साली त्यांचे चारशेच्या आसपास खासदार निवडून आले होते. म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन त्यांनीच सुरू केली, आजारपणाचा विमा त्यांनीच आणला, म्हणजे लोकांची कामं केली नाहीत असं अजिबात नाही. आणि 1924 ला तोच पक्ष 40 वर आला. अठरा वर्षांत चारशेचे चाळीस! काय झालं मधे? महायुद्ध झालं, 1916 च्या डिसेंबरात लॉइड जॉर्जनं आपल्याच पक्षाच्या अ‍ॅस्क्विथला बाजूला करून पंतप्रधानपद घेतलं, आणि तिथून एका पक्षाची दोन दुकानं झाली. 1918 च्या निवडणुकीत एक गट कॉन्झर्व्हेटिव्हांचा हात धरून उभा आणि दुसरा गट त्याच्या विरोधात. आणि नेमकं त्याच वर्षी कायदा झाला, 21 वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत, तिशीच्या पुढच्या बऱ्याच बायकांना मत. म्हणजे लाखो नवीन मतदार दारात उभे आणि घरातले दोघे भाऊ भांडतायत. तो नवा कामगार मतदार लेबरकडं गेला, पैसेवाला घाबरून कॉन्झर्व्हेटिव्हांकडं गेला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढं लागणार आहे. लिबरलांचं मत मेलं नाही. ते विचार, ती पेन्शन, तो विमा सगळं जिवंत राहिलं, फक्त दुसऱ्याच्या जाहीरनाम्यात जाऊन बसलं. अमेरिकेतल्या व्हिग पक्षाचं तेच. दोन राष्ट्राध्यक्ष निवडून आणलेला पक्ष, 1854 ला गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे फाटले, त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष जन्मला, उत्तरेतल्या व्हिगांपैकी बरेच तिकडं गेले, आणि 1860 ला लिंकन राष्ट्राध्यक्ष. तोसुद्धा जुना व्हिगच.

आपल्याकडं या. शेतकरी कामगार पक्ष, 1947. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, म्हणजे काँग्रेसमधून बाहेर पडलेली बहुजन समाजाची तगडी माणसं. एन. डी. पाटील सर याच पक्षाचे, आणि सीमाभागात त्यांच्याबद्दल काय भावना आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. या पक्षाला कुणी हरवलं? निवडणुकीत हरला तो वेगळा भाग, पण खरा हरवला यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणानं. जेधे परत काँग्रेसमध्ये, मोरे परत काँग्रेसमध्ये, तालुक्यातला कार्यकर्ता साखर कारखान्यात नाहीतर जिल्हा परिषदेत. शिव्या न देता, डोकी न फोडता, माणसं उचलली.

आता बेळगाव. 1924 ला काँग्रेसचं अधिवेशन इथं टिळकवाडीत झालं, गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले आणि ते इथं. 2024 च्या डिसेंबरात शंभर वर्षं झाली म्हणून शहरभर लायटिंग केलेलं तुम्ही बघितलंच. फोटो काढले सगळ्यांनी. पण त्या अधिवेशनात काय ठरलं हे त्या लायटिंगमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. ठरलं असं की काँग्रेसचा सभासद व्हायचं तर चार आणे नकोत, महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, स्वतः कातलेलं, किंवा जमत नसेल तर दुसऱ्याकडनं कातून घेतलेलं. विचार करा, दोन हजार वार, दर महिन्याला! वकील, व्यापारी, शाळामास्तर, ही मंडळी टकळी घेऊन बसणार? सभासद भराभर गळाले. आणि मग पुढच्या सप्टेंबरात पाटण्याला बैठक झाली आणि चार आणे परत आले, सूत द्या नाहीतर पैसे द्या. मला यात काँग्रेसची अक्कल दिसते. गांधींचा ठराव होता तरी वर्षाच्या आत दार परत मोकळं केलं. आपला नियम किती पवित्र आहे यापेक्षा आत माणूस किती येतोय हे बघितलं. हीच काँग्रेस पुढं हे विसरली, ते आता सांगतो.

1989 ला कर्नाटकात वीरेंद्र पाटलांनी काँग्रेसला 178 जागा मिळवून दिल्या, 224 पैकी. पुढच्याच वर्षी ते आजारी पडले, आणि राजीव गांधींनी बेंगळूरच्या विमानतळावर मुख्यमंत्री बदलणार म्हणून सांगून टाकलं. विमानतळावर! घरी जाऊन, बसून, चार लोकांना विचारून नाही. वीरेंद्र पाटील लिंगायत, आणि उत्तर कर्नाटकातला लिंगायत समाज ते विसरला नाही. 1994 ला काँग्रेस 34 वर. एकशे अठ्ठ्याहत्तरचे चौतीस, पाच वर्षांत. हा अपमान एकच कारण होता असं मी म्हणत नाही, पण बैलहोंगल, गोकाककडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो विमानतळापासूनच गोष्ट सुरू करेल.

आणि त्याचा फायदा ज्यांना झाला त्यांचं काय? जनता पक्ष, नंतर जनता दल. रामकृष्ण हेगडे 1983 ला कर्नाटकातलं पहिलं बिगरकाँग्रेस सरकार आणतात, 1985 ला 139 जागा, 1989 ला 24, 1994 ला परत 115 आणि देवेगौडा मुख्यमंत्री, 1996 ला देवेगौडा थेट पंतप्रधान, आणि त्याच वर्षी हेगड्यांना पक्षातून काढलं. झालं. 1999 ला दलाचे दोन तुकडे. हेगड्यांच्या मागं असलेला इकडचा मतदार हळूहळू भाजपकडं सरकला, आणि भाजपच्या येडियुरप्पांना जो उत्तर कर्नाटक मिळाला तो बऱ्याच अंशी हेगड्यांचाच होता. पुढं येडियुरप्पांनी वेगळा पक्ष काढून बघितला, 2013 ला सहा जागा आल्या, पण भाजप 40 वर कोसळला. मग दोघांनाही कळलं आणि परत एकत्र आले. हेगड्यांना आणि गौडांना ते जमलं नाही. शिवसेना, राष्ट्रवादीत चिन्हावरून आयोगापर्यंत गेलेली भांडणं तर तुम्ही रोज टीव्हीवर बघितलीत, त्यात मी वेळ घालवत नाही.

हं, आता समिती.

महाराष्ट्रात 1956 ला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, एसेम, डांगे, अत्रे, सगळे एका स्टेजवर. 1957 ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं. 1 मे 1960 ला राज्य मिळालं आणि 1962 ला काँग्रेस 264 पैकी 215. मागणी पूर्ण झाली, पक्ष संपला, सरळ हिशेब. पण आपली मागणी तर पूर्ण झालीच नाही! 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो, तोच दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो, ते आजपर्यंत, सीमावादासाठी महाजन आयोग झाला, 2004 ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून तसाच. मग मागणी जिवंत असताना महाराष्ट्र एकीकरण समिती विधानसभेत शून्यावर कशी आली? 2013 ला दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. 2018 ला शून्य, 2023 ला शून्य.

लोक म्हणतात मराठी माणूस बदलला. मला नाही पटत. 1996 ची लोकसभा आठवा, सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून बेळगावात 456 उमेदवार उभे राहिले. चारशे छप्पन्न! मतपत्रिका छापायची कशी हाच प्रश्न झाला. लक्ष गेलं की दिल्लीचं, पण कसं गेलं? त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेचं डिपॉझिट 500 चं 10,000 केलं. आंदोलन म्हणून ते जबरदस्त होतं, पण निवडणूक म्हणून? ज्याला खरंच निवडून यायचंय तो एकच उमेदवार देतो. आपली सवय तिथंच लागली असं माझं मत आहे, की निवडणूक म्हणजे निषेध नोंदवायची जागा. एक-दोनदा ठीक. पण वडगावातल्या विणकराला मागाला वीज पाहिजे, येळ्ळूरच्या शेतकऱ्याला उतारा मराठीत पाहिजे, आणि त्याच्या सुनेला बचत गटाचं कर्ज पाहिजे, हे पाच वर्षं कोण बघणार? परवा एक आजी मला म्हणाल्या, "काळ्या दिनाला मी जाते की ओ, दर वर्षी जाते, पण रेशनचं काम अडलं की नगरसेवक कुठल्या पक्षाचा हाय ते बघत नाही मी." या बाईला गद्दार म्हणायचं का? काही लोक म्हणतात. तीच तर चूक आहे.

आणि आता दुसऱ्याचं सामान उचलायचं तेच राजकारण इथं कसं झालं बघा. 2023 च्या मार्चमध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर, बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी अनावरण केलं, आणि काही दिवसांतच काँग्रेसनं त्याच पुतळ्याचं परत अनावरण केलं. एका पुतळ्याची दोन उद्घाटनं! हसू नका, हे लई हुशारीचं राजकारण आहे. ज्या दोन पक्षांना सीमाप्रश्नाचा "सी" उच्चारायचा नाही त्यांनी महाराज घेतले, भगवा घेतला, जयंतीची मिरवणूक घेतली, आणि मागणी तेवढी तुमच्या दारात ठेवून गेले. यशवंतरावांनी शेकापची माणसं नेली, इथं तर खूणच नेली. वरनं काँग्रेसनं गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार दिले. आता समितीच्या कार्यकर्त्याच्या बायकोच्या खात्यातसुद्धा ते येतात, आणि यावेतच.

त्यात आपली भांडणं. 2018 ला समितीचे गट एकमेकांसमोर उभे होते, तुम्हाला सगळ्यांना माहितीय, नावं घेत नाही, इथं दोन्हीकडची माणसं बसलीत आणि मला घरी जायचंय. महापालिकेत 2021 ला पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर निवडणूक झाली, भाजप 58 पैकी 35. ज्या पालिकेनं 2005 ला महाराष्ट्रात जायचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं तरी मागं हटली नाही, तिथं ही गत.

पण त्याच 2021 ला, एप्रिलमध्ये, लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीच्या तरुण उमेदवाराला किती मतं पडली? एक लाख सतरा हजार. भाजप जिंकला तो पाच हजारांच्या फरकानं. म्हणजे मतं होती! आणि 2023 ला दक्षिणमध्ये समितीनं एकच उमेदवार दिला तर तो दुसऱ्या नंबरवर, बारा हजारांच्या आसपास मतांनी पडला.

आता प्रश्न आलाय चिठ्ठीवर, "समिती संपली का, एका शब्दात सांगा." एका शब्दात नाही सांगत, परत लंडनला नेतो. ते लिबरल आठवतात ना, चाळीसवाले? 1951 ला ते सहा खासदारांवर आले. 1983 ला दुसऱ्या पक्षाशी युती करून 25 टक्के मतं घेतली आणि जागा किती, 23. कारण मत सगळीकडं थोडं थोडं, आपल्याकडं ज्याला मताधिक्य त्याचा आमदार, तशीच तिथली पद्धत. पुढं ते दोन पक्ष एक होऊन लिबरल डेमोक्रॅट झाले. आणि 2024 ला? मतं 12 टक्के, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी, आणि जागा 72! 2019 ला जवळपास तेवढ्याच टक्क्यांत 11 जागा होत्या. मधे काय केलं, तर सगळीकडं लढायचा हट्ट सोडला, जिंकता येतील असे मतदारसंघ निवडले, तिथं वर्षानुवर्षं गटारं, नदीत सोडलेलं सांडपाणी, दवाखाना असल्या गोष्टींवर घरोघर फिरले आणि बाकीची ताकद वाया घालवली नाही.

जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत. त्यातल्या दोन, फार तर तीन आपल्या हिशेबाच्या. तिथला उमेदवार निवडणुकीच्या दीड महिना आधी बैठकीत रडारड करून ठरतो की तीन वर्षं आधी ठरून तहसीलदार ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो, एवढंच मला बघायचंय. बाकी सुप्रीम कोर्टाचं जे व्हायचं ते तारखेला होईल. हां, ते मागं काका मघापासून हात वर करून आहेत, 2018 वरच बोलणार असं दिसतंय, त्यांना माईक द्या.