तोंड, नाक, डोकं, टाच : डेव्हनच्या किनाऱ्यावर सापडलेली इंग्रजी

(व्हिडिओचं निवेदन. ट्रेनच्या खिडकीतून. सकाळ. डावीकडे पाणी.)

ही एक्स नदी, इंग्लंडच्या नैऋत्येच्या डेव्हन परगण्यातली. एक्सेटर शहर सोडलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला येते आणि मग ट्रेन तिला चिकटूनच चालते. आत्ता ओहोटी आहे म्हणून नुसता चिखल दिसतोय, त्यात पक्षी आणि आडव्या पडलेल्या होड्या. आता पलीकडच्या काठावर बघा, ती घरांची रांग दिसतेय ना, ते एक्समथ. एक्स नदीचं माउथ. नदी इथं समुद्राला मिळते म्हणून गावाचं नावच तोंड.

आणि हे एकटं नाही. नकाशावर बोट ठेवून पूर्वेकडून पश्चिमेकडे या, सिडमथ, एक्समथ, टिनमथ, डार्टमथ, प्लिमथ. डेव्हनच्या एका किनाऱ्यावर पाच तोंडं! बोलताना माउथचं मथ होतं त्यामुळे ऐकून कळत नाही, पण स्पेलिंगमध्ये तोंड अख्खं बसलेलं आहे.

मी मराठी शाळेत शिकले. आम्हाला इंग्रजीच्या तासाला फ्रेजेसची यादी असायची, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी अर्थ, पाठ करा आणि लिहा. आणि त्याच वर्गात भूगोलाच्या तासाला आम्ही नदीचं मुख शिकत होतो. मुख म्हणजे तोंड, माउथ म्हणजे तोंड, दोन्हीकडे माणसानं नदीकडे बघून एकच गोष्ट म्हटलीये, हे कुणी सांगितलंच नाही. त्या यादीला घाबरून कितीतरी पोरांनी इंग्रजी सोडली, माझ्याच बाकावरच्या दोघींनी.

(बोगदे. अंधार, उजेड, अंधार.)

डॉलिश ते टिनमथ. लाल दगडाचे कडे, खाली समुद्राची भिंत आणि त्या दोघांच्या मधून रूळ. ही लाइन 1846 ची, ब्रुनेल नावाच्या इंजिनीयरनं आखलेली. एकामागोमाग पाच बोगदे लागतात. आणि बोगद्याचं तोंड तर आपणही म्हणतोच.

आता काचेकडे बघा, बाहेर नको, काचेकडेच. विंडो. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही, व्हायकिंग लोकांबरोबर आला, त्यांच्या भाषेत विंदाउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. तेव्हा घराला काच नव्हती ना, भिंतीला भोक, त्यातून वारा आत यायचा. त्याच्याआधी इंग्रजीत जो जुना शब्द होता तोही डोळ्याचंच भोक असा होता. आणि आपल्याकडे काय, गवाक्ष. गो आणि अक्ष, बैलाचा डोळा. हे जेव्हा मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ट्रेनमध्येच होते आणि शेजारच्या बाईंना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

(टोर्बे. बोटीतून.)

हा टोर्बे, मोठा अर्धगोल उपसागर. उत्तरेकडच्या टोकाचं नाव होप्स नोज, म्हणजे नाक. दक्षिणेकडचं टोक बेरी हेड, म्हणजे डोकं. बेरी हेडचा कडा बघा, वर सपाट आणि समोर एकदम सरळ तुटलेला. जमिनीच्या अशा डोक्याला इंग्रजीत हेडलँड म्हणतात आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकात भूशिर. भू आणि शिर. तोच शब्द.

बेरी हेडच्या आत ब्रिक्सम, मच्छीमारांचं बंदर. या माणसाचे हात बघा दोर ओढताना. दोर मोजायचा म्हणजे दोन्ही हात पसरायचे, एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक फॅदम, सहा फूट. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मिठी असाही होता. आणि आपल्याकडे याच मापाला वाव म्हणतात. पाणी किती खोल आहे ते दोन्हीकडे पसरलेल्या हातांनीच मोजलं.

त्याच्या दंडावर जो गोळा वर येतोय त्याला मसल म्हणतात. लॅटिनमधून आलाय शब्द, अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपण बेडकुळी काढून दाखवतो.

(डार्टमूर, डेव्हनमधलं उंच माळरान. धुकं, मग ऊन.)

इथं मला जास्त वेळ थांबायचंय कारण हे सगळ्यात सुंदर शूट झालंय. डार्टमूर पोनी, म्हणजे इथले छोटे घोडे, बुटके, जाड मानेचे, वारा तोंडावर घेत उभे राहणारे. यांची उंची फुटात सांगत नाहीत, हातात सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच, तळव्याची रुंदी. या जातीचा पोनी जास्तीत जास्त 12.2 हँड, आणि हे दशांश चिन्ह नाही बरं का, बारा हात आणि वर दोन इंच, म्हणजे 127 सेंटिमीटर. त्या बाई पोनीला पट्टी लावतायत ती आजची, पण आकडा अजून तळहाताचाच आहे. आपला हात कोपरापासून मोजायचा, यांचा नुसता पंजा आडवा, शब्द एकच आणि लांबी वेगळी, हे यादी पाठ करून कधीच कळलं नसतं.

मागची टेकडी बघा. खाली फूट म्हणजे पाय, मध्ये शोल्डर म्हणजे खांदा, वर जिथून पलीकडचं दिसेनासं होतं ती ब्रो, म्हणजे भुवई. आपणही पायथा आणि माथा म्हणतो, पण मधल्या उतरत्या धारेला सह्याद्रीत सोंड म्हणतात. त्यांनी टेकडीत माणूस पाहिला, आपण वर माणूस पाहिला आणि मध्येच हत्ती.

(प्लिमथ. संध्याकाळ.)

शेवटचं तोंड. या शहराचं जुनं नाव सटन, जुन्या बंदराला अजून तेच नाव आहे. वरचं हिरवं मैदान म्हणजे ‘हो’ (Hoe), प्लिमथ हो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो दीपस्तंभ स्मीटनचा, 1759 साली समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर उभा राहिला, नंतर खडक झिजायला लागला म्हणून वरचा भाग सोडवून इथं आणला आणि 1884 मध्ये लोकांसाठी उघडला. पण मला सांगायचंय ते ‘हो’ या शब्दाबद्दल. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ टाच. आजचं इंग्रजी हील त्याच घरातलं.

मी दोन तास वर फिरले आणि मला टाच कुठंच दिसेना, नुसतं गवत, बाकं आणि पळणारी मुलं. म्हणून हा शॉट पाण्यावरून घेतलाय, होडीतून. आता बघा. मागून लांब सपाट येणारी जमीन, इथं येऊन गोल होते आणि झपकन खाली पाण्यात उतरते. ज्यानं हे नाव ठेवलं तो बहुतेक असाच पाण्यावरून येत असणार.