सहा मीटरचा हिशोब

(नागपुरात धंतोली इथं धावपटू मुली, त्यांचे पालक आणि क्रीडाशिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलींनो, आणि त्यांना भल्या पहाटे ग्राउंडवर आणून सोडणाऱ्या आई-बाबांनो,

आज मी एकाच शर्यतीबद्दल बोलणार आहे. 2 मार्च 2024, ग्लासगो, जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची 3000 मीटरची फायनल. पहिली आली अमेरिकेची एल सेंट पिअर, 8 मिनिटं 20.87 सेकंद. दुसरी इथिओपियाची गुडाफ त्सेगाय, 8 मिनिटं 21.13. तिसरी केनियाची बिएट्रिस चेपकोएच, 8 मिनिटं 22.68. स्पर्धेचा आधीचा विक्रम 1989 सालचा होता, 8 मिनिटं 33.82 सेकंदांचा. पस्तीस वर्षं टिकलेला तो विक्रम या तिघींनी एकाच शर्यतीत मोडला.

आता वही काढा. इनडोअरचा ट्रॅक 200 मीटरचा असतो, म्हणजे 3000 मीटरला पंधरा फेऱ्या. सेंट पिअरच्या वेळेला पंधरानं भागा. 33.4 सेकंद येतात. तुमच्यातल्या कितीतरी जणी 200 मीटर एकदा 33 सेकंदांत मारतात आणि गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहतात. ती एक फेरी, न थांबता पंधरा वेळा. आणि समोर कोण होतं? 10,000 मीटरची जगज्जेती त्सेगाय आणि 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, विश्वविक्रमवीर चेपकोएच.

सेंट पिअरबद्दल पालकांना एक मुद्दाम सांगते. 2022 मध्ये बेलग्रेडला याच शर्यतीत तिला रौप्य मिळालं होतं. मार्च 2023 मध्ये तिला मुलगा झाला. आणि बाळ वर्षाचं व्हायच्या सुमारास ती ग्लासगोत सोनं घेऊन उभी होती. ती दुग्धव्यवसायाच्या घरात, गोठ्याच्या कामात वाढलेली. काटोल-सावनेरकडून येणाऱ्या मुली इथे आहेत, सकाळी शेण काढून, धारा काढून प्रॅक्टिसला येतात. त्यांच्या घरच्यांनी हे नीट ऐकावं, एवढ्यासाठी सांगितलं.

पण माझा आजचा मुद्दा वेगळा आहे. पहिली आणि दुसरी यांच्यात 0.26 सेकंदाचं अंतर होतं. त्या वेगात ते भरतं दीड-पावणेदोन मीटर. मी आडवी झोपले तर एवढीच जागा लागेल.

आता इनडोअर ट्रॅक डोळ्यांपुढे आणा. लेन जेमतेम मीटरभर रुंद. वळणं आखूड, म्हणून बाहेरच्या अंगानं उचललेली, सायकलच्या वेलोड्रोमसारखी. पुष्कळ ठिकाणी खाली लाकडाचा सांगाडा असतो, त्यामुळे दहा-बारा जणींचा घोळका जवळून गेला की पाटावर मूठ आपटल्यासारखा आवाज येतो. अशा ट्रॅकवर तुम्ही पहिल्या लेनऐवजी दुसऱ्या लेनमधून एक पूर्ण फेरी पळालात, तर सहा मीटरहून थोडं जास्तच अंतर फुकट पळता. बाहेरच्या 400 मीटरच्या ट्रॅकवर, आपल्या मानकापूरला, एका फेरीत हे नुकसान साडेसात मीटरच्या आसपास असतं. इनडोअरला तेवढ्याच 400 मीटरमध्ये ते साडेबारावर जातं. पावणेदोन मीटरनं जिंकायच्या शर्यतीत एक फेरी बाहेरून पळालात, तर तिथेच संपलं.

म्हणून सेंट पिअरची शर्यत मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते. ती पुढच्यांच्या पाठीला धरून राहिली. त्सेगायला तिनं मागे टाकलं ते अखेरच्या सरळ पट्टीवर. सरळ पट्टीवर बाहेरून निघालं तर जादा मीटर पडत नाहीत. वळणावर निघालं तर पडतात. धीर धरणं म्हणजे नुसतं मागे राहणं नव्हे, हे मला त्या पन्नास मीटरमध्ये दिसतं.

मी स्वतः पळत होते तेव्हा मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत 1500 मीटरला मी आतल्या कडेला चिकटून होते, अगदी शहाण्यासारखी. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा समोर एक, उजवीकडे एक, मागे एक. पाय भरलेले नव्हते, श्वास ठीक होता, पण निघायला वाटच नव्हती. मागचीच्या बुटाचा स्पाइक, म्हणजे खिळा, माझ्या पोटरीला लागला, रक्त मोज्यात उतरलं. मी पाचवी आले, दमल्याशिवाय. त्या दिवशी स्टँडमधली एक अनोळखी बाई माझ्या पायाला पाणी लावताना म्हणाली, “तू हरली नाही वो बाई, तू अडकली.” आतली कडही हवी आणि निघायला वाटही हवी. पुढचीच्या बरोबर मागे न राहता अर्धा खांदा बाहेर ठेवायचा, एवढंच ते. पण ते चौदा जणींच्या धक्क्यात करायला सवय लागते.

दुसरा मार्ग त्सेगायनं दाखवला. पुढच्याच वर्षी चीनमधल्या नानजिंगला, याच जागतिक इनडोअर स्पर्धेत, 1500 मीटरमध्ये तिनं 3 मिनिटं 54.86 सेकंदांत स्पर्धाविक्रमासह सुवर्ण घेतलं. इतका जबर वेग ठेवला की सोबत घोळकाच उरला नाही. घोळकाच नाही, तर अडकणार कशात? पण त्याला तसे पाय लागतात.

आता घड्याळाची भीती घालवते. त्याच ग्लासगोत 800 मीटरची फायनल इथिओपियाच्या त्सिगे दुगुमानं 2 मिनिटं 01.90 सेकंदांत जिंकली. आपली टिंटू लुका 2010 मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात 1 मिनिट 59.17 सेकंदांत पळाली होती. म्हणजे आपल्या मुलीच्या पायांतली वेळ त्या दिवशीच्या जगज्जेतीपेक्षा चांगली होती. अर्थात अशी तुलना सरळ लावता येत नाही. फायनलमध्ये सगळ्या एकमेकींकडे बघत पळतात, वेळ मंदावते आणि शेवटच्या फेरीत भडका उडतो. पण तेच तर मी सांगते आहे. आणि तेहरानला फेब्रुवारी 2024 मध्ये आपली हरमिलन बैंस आशियाई इनडोअरची 1500 मीटर जिंकली, ती वेळ होती 4 मिनिटं 29.55. बाहेरच्या ट्रॅकवर हीच हरमिलन 4 मिनिटं 5.39 सेकंदांत पळालेली आहे. सोन्यावर वेळ लिहिलेली नसते, जागा लिहिलेली असते.

आपल्याकडे मुली एकट्या पळतात. सर घड्याळ धरतात, मुलगी फेऱ्या मारते, वहीत आकडे वाढतात. मग स्पर्धेत पहिला कोपर बरगडीत बसला की ती दचकते. मला हे फार लागतं, कारण मेहनतीत आमची मुलगी कुणापेक्षा कमी नसते.

त्यासाठी भुवनेश्वरच्या कलिंगा संकुलासारखा इनडोअर ट्रॅक नागपुरात यायची वाट बघायला नको. रेशीमबागच्या मैदानावर फक्कीनं 200 मीटर आखता येतात. दोन्ही टोकांना 17 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मध्ये साडेसेहेचाळीस मीटरच्या दोन सरळ पट्ट्या. रविवारी सकाळी साडेपाचला या, ऊन चढायच्या आत. आठ-आठ जणींचे गट करू, सात फेऱ्या. पहिल्या सहा फेऱ्यांत वळणावर कुणीही कुणाला ओलांडायचं नाही. दोरी आणि फक्की मी आणते.